पाहुण्याचा धर्म आणि यजमानाचा धर्म

दुसऱ्याच्या देवापुढे उभे राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही, असा मनुष्य आता आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखातही विरळाच सापडेल. आमच्या आज्या-पणज्यांचा प्रवास बहुतांशी स्वतःच्याच देवांकडे जाणारा होता. पंढरी, काशी, रामेश्वर ही त्यांच्या वाटांची टोके, आणि जेथे ते पोहोचत तेथला देव ओळखीचा, मंत्र कानांवरून गेलेला, प्रसाद हातावर घेताना मनात किंतू येण्याचे कारणच नसे. आज त्याच घरांतील मुले-नातवंडे चैत्रातली सुटी साधून विमानाने अथेन्सला उतरतात, पार्थेनॉनचे स्तंभ पाहतात, समुद्रकाठच्या एखाद्या गावी राहून तेथली भाजी-भाकरी आवडीने खातात, आणि ते दिवस तेथल्या ईस्टरचे असले, तर मध्यरात्री हातात मेणबत्ती धरून चर्चच्या अंगणात गर्दीबरोबर उभी राहतात. त्या क्षणी ती तेथे कोण असतात? भाविक म्हणावे, तर ज्याच्या पुनरुत्थानाचा तो सोहळा आहे त्याच्यावर त्यांची श्रद्धा नाही. केवळ प्रेक्षक म्हणावे, तर भोवतीच्या माणसांच्या डोळ्यांतले पाणी पाहून त्यांचाही कंठ दाटून आलेला असतो. या मधल्या अवस्थेला काही धर्म आहे काय, आणि असल्यास त्याची कर्तव्ये कोणती, हा प्रश्न मला अलीकडे फार महत्त्वाचा वाटू लागला आहे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्याकडे नेहमी दिली जातात. सर्व धर्म अखेर एकच आहेत, तेव्हा मशीद काय, चर्च काय, देऊळ काय, कोठेही हात जोडावे आणि पुढे चालावे, असे एक पक्ष म्हणतो. आणि स्वधर्माची निष्ठा ज्याला राखावयाची आहे त्याने परक्याच्या पूजास्थानी पाऊलच टाकू नये, असे दुसरा पक्ष बजावतो. वरवर पाहता एक उदार आणि दुसरा कडवा दिसतो खरा. परंतु दोघांनाही समोरची वस्तू नीट पाहण्याचे कष्ट नको आहेत. पहिल्याला समोरच्या माणसाचे वेगळेपण बघावयाचे नाही, कारण ते बघितले तर त्याचा सिद्धांत अडचणीत येईल. दुसऱ्याला समोरचा माणूसच बघावयाचा नाही, कारण तो बघितला तर त्याचे भय टिकणार नाही. पाहुण्याचा धर्म या दोहोंच्या पलीकडे कोठेतरी शोधावा लागेल.

त्याचे एक फार जुने उत्तर आमच्याच गावाच्या वेशीपासून सुरू होते. मुंबईकडून महाडात शिरताना महामार्गाच्या कडेला जो डोंगर लागतो, त्याच्या अंगात गांधारपाल्याची बौद्ध लेणी कोरलेली आहेत: तीसच्या आसपास लहानमोठ्या गुंफा, भिक्षूंच्या कोठड्या, निजावयाचे दगडी ओटे, पाण्याची टाकी, आणि कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह व टाकी दान दिल्याचे सांगणारा ब्राह्मी लेख. त्या लेण्यांच्या ओसरीत उभे राहिले म्हणजे खाली गांधारी आणि सावित्री यांचे खोरे नजरेत येते. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून उतरणारी ही सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि तिच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते महाडापर्यंत येत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनात पश्चिम किनाऱ्यावरील ज्या बंदरांची नावे येतात, त्यांतील पालैपात्माई म्हणजे हेच पाले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. ते ओळखणे बरोबर असो वा नसो, या किनाऱ्याला ग्रीकांची पावले अनोळखी नव्हती हे निश्चित. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या ग्रंथातील परंपरा तर याहून पुढे जाते: अशोकाच्या काळी नाना देशांत जे धर्मोपदेशक धाडले गेले, त्यांपैकी अपरांतात, म्हणजे आमच्या या कोकणपट्टीत, आला तो योनक धम्मरक्खित, अर्थात यवन वंशाचा भिक्षू होता. भारतात जन्मलेला धर्म कोकणच्या माणसाला समजावून सांगावयास एक यवन आला, ही कथा ज्यांनी जपून ठेवली त्यांना तीत विसंगत असे काही दिसले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्रीक, किंवा ग्रीकांच्या मुलखाकडून आलेले, असे जे लोक त्या काळी यवन म्हणून ओळखले जात, त्यांनी आपली साक्ष सह्याद्रीच्या दगडांत ठेविली आहे. कार्ल्याच्या महाचैत्यातील कित्येक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला योनक होता. आणि सह्याद्रीपासून दूर, विदिशेजवळ बेसनगर येथे, तक्षशिलेहून राजा अंतलिकिताचा वकील म्हणून आलेल्या हेलिओदोराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारून त्यावर स्वतःस भागवत म्हणवून घेतले. या माणसांच्या अंतःकरणात नेमके काय होते हे आपणांस कधीच कळणार नाही. त्यांच्यापैकी कोण पूर्णपणे येथल्या धर्माचा झाला आणि कोण व्यापाराच्या मुलखातील देवाला मान देऊन मोकळा झाला, हे दगड सांगत नाही. दगड एवढेच सांगतो की ते पाहून गेले नाहीत, देऊन गेले. परक्याच्या पवित्र स्थानी उभे राहिलेल्या माणसावर ऋण चढते, आणि ते काही देऊन फेडावयाचे असते, ही त्यांची समजूत होती. आणि देण्यासाठी त्यांनी जे निवडले ते पाणी, अन्न, आसरा आणि आधाराचा स्तंभ. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाही माणसाच्या उपयोगी पडेल अशीच ती दाने होती.

या यवनांच्या मूळ मुलखात, पेलोपोनीसमधील नाफ्प्लिओ या बंदराच्या गावी, एका एप्रिलात राहण्याचा योग मला आला. गाव आमच्या महाडापेक्षा मोठे नाही. १८३४ साली राजधानी अथेन्सला जाईपर्यंत स्वतंत्र ग्रीसचा कारभार येथून चालत असे. वर व्हेनिसच्या राजवटीने बांधलेला पालामिदीचा किल्ला, खाली शांत आखात, आणि गावाबाहेर पडले की संत्र्यांच्या बागा. त्या दिवसांत त्या फुलावर येतात, आणि संध्याकाळी वारा जमिनीकडून वाहू लागला की गल्ल्यांतून तो वास भरून राहतो. ईस्टरपूर्वीच्या सात आठवड्यांच्या दीर्घ उपवासाचा तो शेवटचा आठवडा होता. मांस, मासळी, दूध, अंडी सारे वर्ज्य. रक्त नसलेले जलचर मात्र चालतात, म्हणून माकुळ आणि शिंपल्या ताटात दिसतात. उकडलेले हरभरे, लिंबू पिळलेल्या रानभाज्या, तिळाचा हलवा, जाड सालीची भाकरी, असे ते अन्न रायगडच्या रानातून टाकळा-कुरडू खुडून आणणाऱ्या घरातल्या माणसाला परके वाटण्याचे कारण नव्हते. गुड फ्रायडेच्या दिवशी ज्या घरी मी उतरलो होतो तेथे मसुराचे कालवण होते, आणि घरच्या वृद्ध गृहिणीने माझ्या वाडग्यात व्हिनेगरची धार सोडून खुणेने मला समजाविले की क्रूसावर टांगलेल्या ख्रिस्ताला पाण्याऐवजी आंब दिली गेली, म्हणून आज हे असे खावयाचे. तहानलेल्याला पाणी नाकारल्याची आठवण त्या लोकांनी वर्षातून एकदा जिभेवर घेण्याची सोय करून ठेवली आहे, हे कळल्यावर तो घास मला सहज गिळवला नाही.

त्या रात्री एपिताफिओस निघाला. कोरीव लाकडाची, वर छत असलेली ती ख्रिस्ताची तिरडी. आदल्या रात्रभर जागून गावातल्या बायका-मुलींनी ती फुलांनी अशी मढविली होती की लाकूड दिसू नये. आत भरतकाम केलेल्या वस्त्रावर मृत ख्रिस्ताची आकृती. चौघांच्या खांद्यांवर ती उचलली जाते, पुढे धूप, क्रूस आणि बँडचे शोकसंगीत, मागे मेणबत्त्या घेतलेला सारा गाव. वेगवेगळ्या चर्चांच्या अशा मिरवणुका आपापल्या गल्ल्यांतून फिरत सिंताग्मा चौकात येतात आणि तेथे एकमेकींना भेटतात. मिरवणूक परत चर्चशी आली की ती तिरडी दारात उंच धरतात, आणि म्हातारेकोतारे, कडेवर मुले घेतलेल्या आया, तरणे दर्यावर्दी, सगळे वाकून तिच्याखालून आत जातात.

कोकणच्या माणसाने हे पाहिले आणि त्याला शिमगा आठवला नाही, असे होणे अशक्य आहे. फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास आमच्या गावोगावी ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते, ढोल-सनईच्या नादावर नाचविली जाते, मग घरोघर फिरते. सुवासिनी ओवाळतात, ओटी भरतात, नवस बोलले आणि फेडले जातात, आणि मुंबईस गेलेला चाकरमानी एरवी कोणत्याही कारणासाठी न मिळणारी रजा त्या खांद्यासाठी मिळवितो. महाडात महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावांच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात, विन्हेऱ्याच्या झोलाईसारख्या देवता भेटीस येतात, आणि देव देवाला भेटतो तो क्षण डोळ्यांत साठविण्यासाठी लोक रात्र जागवितात. दोन्हीकडे वसंत आहे, दोन्हीकडे तिथी चंद्रावर ठरते, दोन्हीकडे देव गाभारा सोडून रस्त्यावर येतो आणि माणसाच्या खांद्यावर बसतो.

परंतु साम्य दिसले म्हणून अर्थ एक होत नाही, आणि येथेच पाहुण्याने सावध राहिले पाहिजे. आमच्या पालखीत गावाची राखणदारीण आपली रयत सुखरूप आहे ना हे पाहावयास निघालेली असते. तिच्या येण्यात आनंद आहे, अधिकार आहे, आणि थोडा धाकही आहे. एपिताफिओसवर एका अन्यायाने मारलेल्या निरपराध माणसाचे प्रेत आहे, आणि तो माणूस देव आहे अशी ते उचलणाऱ्यांची दृढ श्रद्धा आहे. दोन दिवसांनी तो उठणार हे ठाऊक असूनही त्या रात्री ते खरोखर शोक करीत असतात. हे दुःख ‘आमच्या शिमग्यासारखेच’ असे म्हणून आपल्या पदरात घालून घेणे, म्हणजे त्यांच्या मृताचा अनादर करणे होय. साम्याने पाहुण्याला दारापर्यंत आणावे. आत शिरताना भेदाची जाणीव बरोबर असावी.

शनिवारी मध्यरात्री चर्चमधील सर्व दिवे मालविले गेले, आणि वेदीमागून धर्मगुरू एकच पेटती मेणबत्ती घेऊन बाहेर आला. तिच्यावरून पहिल्या रांगेने आपल्या मेणबत्त्या लावल्या, त्यांच्यावरून दुसऱ्या रांगेने, आणि थोड्याच वेळात तो उजेड अंगणात माझ्यापर्यंत पोहोचला. शेजारी उभ्या असलेल्या मनुष्याने, मी कोण, कोठला, कोणत्या देवाचा, हे काहीही न विचारता आपली ज्योत माझ्या मेणबत्तीला लावली. नंतर लोक त्या ज्योती हाताच्या आडोशाने घरी नेतात आणि दाराच्या चौकटीवर त्यांच्या काजळीने क्रूसाची खूण करतात. घरी परतल्यावर लाल रंगविलेली अंडी वाटली गेली, एकाने आपले अंडे दुसऱ्याच्या अंड्यावर आपटावयाचे आणि ज्याचे अखंड राहील त्याचे वर्ष शुभ. मग कोकराच्या आतड्या-काळजाची, लिंबू-अंडे घातलेली मागिरित्सा, आणि वेणीसारखी गुंफलेली गोड त्सुरेकी. दुसऱ्या दिवशी अंगणात अख्खे कोकरू सळईवर फिरविले गेले, आणि तो वास साऱ्या गावावर पसरला.

आता प्रश्न असा की मी ज्योत घेतली, अंडे घेतले, अन्न खाल्ले. त्याबरोबर श्रद्धा घेतली काय? घेतली नसेल, तर जे घेतले ते खोट्याने घेतले काय? याचे उत्तर त्या चर्चच्याच व्यवस्थेत मला सापडले. ऑर्थोडॉक्स उपासनेत ख्रिस्ताच्या देहा-रक्ताचा म्हणून जो पवित्र घास दिला जातो, तो दीक्षित ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसालाच मिळतो. तेथे पाहुण्याने हात पुढे करू नये. परंतु उपासना संपल्यावर आशीर्वादित पाव, आंतिदोरो, वाटला जातो, आणि तो परक्यालाही देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. घराला देवघर असते, माजघर असते आणि ओसरी असते. देवघरात सोवळ्यानेच जावे असा नियम ज्या घरात आहे, त्याच घराच्या ओसरीवर कोणालाही पाणी आणि गूळ मिळतो, आणि या दोन गोष्टींत विरोध नाही. धर्मालाही असे तीन भाग असतात. पाहुण्याने ओसरी ओळखावी, तेथे जे मिळेल ते पूर्ण मनाने घ्यावे, आणि देवघराकडे आदराने पाहून तेथेच थांबावे. त्याने घेतलेली ज्योत यजमानाच्या विश्वासाची साक्ष आहे, त्याच्या स्वतःच्या मतांतराची नाही. आणि ती खोटी ठरते ती केवळ त्याने मनात तुच्छता बाळगून घेतली तर.

ग्रीकांनी याचा विचार फार पूर्वी केला होता. परक्या माणसाचा रक्षक म्हणून ते झ्यूसलाच पुजत. होमरच्या महाकाव्यात वराहपाल युमेयस दारी आलेल्या चिंध्यांतल्या भिकाऱ्याला आधी जेऊ घालतो आणि मगच त्याचे नाव-गाव विचारतो. तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहाहून निघालेल्या शिष्याला माता, पिता, आचार्य यांच्या पंक्तीला अतिथी बसविण्याचा जो उपदेश आहे, त्याच्याशी हे नाते सहज जुळते. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी गेला तो इतिहासकार हेरोडोटस. तो इराणच्या दारयवहूची एक गोष्ट सांगतो. राजाने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले की मेलेल्या बापाचे मांस खावयास तुम्ही काय किंमत घ्याल. ते म्हणाले, कोणत्याही किमतीला खाणार नाही. मग त्याने मृत मातापित्यांना खाण्याची चाल असलेल्या हिंदुस्थानातील एका जमातीला, ग्रीकांच्या समक्ष, विचारले की तुम्ही त्यांना जाळावयास काय घ्याल. तर ते आक्रोश करून म्हणाले, असे अभद्र बोलूच नका. हेरोडोटसचा निष्कर्ष असा की जगातील सर्व चाली समोर मांडून निवडावयास सांगितले तरी प्रत्येक जमात आपलीच चाल उत्तम म्हणून निवडील. रूढी ही सर्वांची सम्राज्ञी आहे. म्हणून दुसऱ्याच्या रूढीची टर उडविणारा मनुष्य वेडाच समजावा.

प्रवाशाने ही गोष्ट गळ्यात ताईत बांधावा तशी बांधून घ्यावी. परंतु तीच गोष्ट घेऊन तो स्वतःच्या गावी परतला, आणि आपल्या गावच्या रूढीलाही त्याने सम्राज्ञी मानून मुजरा केला, तर काय होते, हे महाडला चांगले ठाऊक आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे केले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. आणि तरीही कोणा अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्यास लागली नाही, कारण ठरावापेक्षा वहिवाट बलवत्तर होती. परगावचा वाटसरू, अन्य धर्माचा मनुष्य, एवढेच काय गुरेढोरेही त्या तळ्यावर पाणी पीत. अडविला जात होता तो येथेच जन्मलेला, येथेच राबणारा. १९२७ सालच्या मार्चात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. फाल्गुनी पौर्णिमा नुकतीच उलटली होती, म्हणजे शिमग्याचेच दिवस होते; आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह मंडपातून शिस्तीने चालत तळ्याकडे गेले आणि त्यांनी ते पाणी प्याले. त्यानंतर गावात कंडी पिकली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जेवत असलेल्या, घरी परतत असलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. डिसेंबरात सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमले, तेव्हा मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने.

ज्या सह्याद्रीत एका परक्या यवनाने पाण्याची टाकी दान दिली, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाणी नाकारले, ही दोन सत्ये मी एकत्र ठेवून पाहतो तेव्हा रूढीविषयीचा माझा विचार स्पष्ट होतो. चवदार तळ्याचा दावा पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि वादींचा सारा आधार वहिवाटीचाच होता: अस्पृश्यांनी येथे पाणी भरू नये अशी स्मरणातीत रूढी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की ती रूढी स्मरणातीत असल्याचे शाबीत होत नाही. ज्या रूढीला माणसे सनातन समजून लाठ्या घेऊन धावली, तिच्या प्राचीनतेचा पुरावा दप्तरात निघाला नाही. तथापि समजा, तसा पुरावा निघाला असता, ती हजार वर्षांची ठरली असती, तरी ती न्याय्य ठरली असती काय? रूढीचे वय हा तिच्या आदराचा आधार असू शकेल. तिच्या न्यायाचा आधार तो कधीच नव्हे.

म्हणून मला असे वाटते की पाहुण्याचा धर्म आणि यजमानाचा धर्म हे दोन निराळे धर्म आहेत, आणि प्रत्येक माणसाला हे दोन्ही पाळावे लागतात. दुसऱ्याच्या घरी असताना आपण हेरोडोटसचे शिष्य असावे: अंडे लाल का, मेणबत्ती मध्यरात्रीच का, उपवासात शिंपली चालते आणि मासा का चालत नाही, असल्या गोष्टींचा न्याय करावयाचा अधिकार आपला नाही; समजून घ्यावे, कृतज्ञ असावे, आपल्या हातून काही देता आले तर द्यावे. स्वतःच्या घरी मात्र तोच मनुष्य यजमान असतो, आणि यजमानाला आपल्या प्रत्येक रूढीस विचारावे लागते की तू दाराला तोरण बांधतेस की दार बंद करतेस. जी रूढी घराला रूप देते ती कितीही विचित्र दिसो, तिचे जतन करावे. जी घरातल्याच कोणाला पाण्यापासून, अन्नापासून, देवापासून आणि मानापासून तोडते, तिला पाहुण्यासमोर मांडावयाची संस्कृती म्हणून मिरवू नये.

यावर असा आक्षेप येईल की मग परक्याने परक्याच्या अन्यायाविषयी कधी बोलूच नये काय? ग्रीसमध्येच आथोस पर्वतावरील मठांत स्त्रियांना प्रवेश नाही. त्याविषयी आपण काय म्हणावे? मला वाटते, तेथे पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्रीक स्त्रीचा आहे, आणि तो तिने विचारला तर तिचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकण्याचे कर्तव्य आपले. महाडातही हेच घडले. चवदार तळ्यावर गेलेली माणसे पाहुणी नव्हती. ती घरचीच होती, आणि म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला जे नैतिक बळ होते ते कोणत्याही बाहेरच्या टीकाकाराच्या वाणीला येणे शक्य नव्हते. परंतु सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि फत्तेखानाने जागा दिली, हेही तितकेच सत्य आहे. घरातला जखमी माणूस हाक मारील तेव्हा शेजाऱ्याने ओ दिलीच पाहिजे. आपण होऊन परक्याच्या घरात न्यायासन मांडणे हा उद्धटपणा होय. आणि हाक ऐकूनही ‘ही त्यांची चाल आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा भित्रेपणा होय.

प्रवासाने मनुष्य उदार होतो असे म्हणतात. हे आपोआप होत नाही. नाफ्प्लिओच्या अंगणात अनोळखी माणसाकडून ज्योत घेऊन आलेला मनुष्य गावी परतून पूर्वीचीच सारी दारे पूर्वीसारखीच लावून घेईल, तर त्याने तेथे काही घेतले असे म्हणता येणार नाही. मला जे मिळाले त्याची परतफेड मी त्या गृहिणीला करू शकत नाही. तिचे ऋण महाडातच फेडावे लागेल. आमच्या पालखीचा मार्ग, मानपानाची क्रमवारी, खांद्याचा हक्क, मानकऱ्यांची घराणी, ही सारी जुनी दस्तऐवजी व्यवस्था आहे, आणि तिच्यात सौंदर्य आहे हे मी मनापासून मानतो. परंतु येत्या शिमग्यापूर्वी गावकीची बैठक भरेल, तेव्हा पालखी कोणकोणत्या वाडीत थांबते, कोणत्या वाडीवरून नुसती पुढे जाते, आणि कोणाचा खांदा आजवर तिला लागलेला नाही, एवढे प्रश्न गावातल्याच माणसाने, गावाविषयीच्या प्रेमाने, उघडपणे मांडले पाहिजेत. कोणी म्हणेल, ही वहिवाट आहे. त्याला आदरपूर्वक सांगावे की वहिवाटीचा दावा या गावात एकदा लागलेला आहे आणि त्याचा निकालही झालेला आहे. आता गावाने ठरवावयाचे आहे ते एवढेच की देवाच्या वाटेवरचे कोणते घर अजून राहून गेले आहे, आणि या वर्षी पालखी आधी तेथे न्यावी.